घरात पत्ते वाटणारा एकच असू द्या

‘वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण नेट चालत नाही.’ ‘माझ्या मोबाइलवर चालतं, मुलीच्या लॅपटॉपवर नाही, वायफाय बंद-चालू केलं की तिचंही चालतं.’ ‘प्रिंटर कालपर्यंत ठीक होता, आज ऑफलाइन म्हणतो.’ ‘सोसायटीने केबलवाला बदलला आणि गेटवरचे कॅमेरे मोबाइलवर दिसेनासे झाले.’ वाचकांचे प्रश्न फिरून फिरून याच चार-पाच तक्रारींवर येतात, आणि बऱ्याच जणांनी त्यावर एकच उपाय करून पाहिलेला असतो: जास्त स्पीडचा प्लॅन. शंभर एमबीपीएसचे दोनशे झाले, बिल वाढलं, तक्रार होती तिथेच राहिली. या तक्रारींचा वेगाशी संबंधच नसतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो आणि तो पत्ता कोणी द्यायचा, यात घोळ झालेला असतो. म्हणून या लेखातलं सगळं मार्गदर्शन एकाच सूत्राला धरून आहे: एका घरात पत्ते वाटणारं यंत्र एकच असावं, आणि एखाद्या उपकरणाचा पत्ता कायमचा करायचा असेल तर तोही त्याच यंत्राच्या नोंदीत करावा, शक्यतो उपकरणात जाऊन हाताने लिहू नये.

एक सूचना आधीच. इथे पत्ते मराठी अंकांत छापले आहेत. राउटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये टाइप करताना मात्र इंग्रजी अंकच वापरा.

आधी डब्यावरचे दिवे पाहा

भाईंदर पश्चिमेत, स्टेशनजवळच्या जुन्या सोसायट्यांपासून दीडशे फुटी रस्त्यावरच्या टॉवरपर्यंत आणि पुढे राई, मुर्धा, मोर्वा गावठाणांतल्या घरांपर्यंत, नेट घरात येतं ते बहुधा एका बारीक फायबर वायरीतून. ती वायर ज्या डब्यात शिरते त्याला लाइनमन ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा असायला हवा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही: वायर डक्टमध्ये दुमडली आहे, गच्चीवर तुटली आहे किंवा जोड निसटला आहे. अशा वेळी घरातल्या पत्त्यांची कितीही उलथापालथ केली तरी उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदवा. आणि एक गोष्ट कधीच करू नका. डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नका. स्थानिक कंपन्यांच्या जोडणीत अनेकदा त्या डब्यात तुमचं युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीच्या खास सेटिंग भरलेल्या असतात. टाचणीने त्या पुसल्या जातात आणि मग लाइनमन येईपर्यंत घर नेटशिवाय राहतं. डबा बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट करणं वेगळं.

फ्लॅट नंबर आणि पोस्टाचा पत्ता

निर्णय घेण्यापुरता सिद्धांत एवढाच. भाईंदर पश्चिमेचा पिनकोड ४०११०१. या पिनकोडात ‘ए विंग, १०१’ असे किती फ्लॅट असतील, मोजून संपणार नाहीत, तरी गोंधळ होत नाही. कारण फ्लॅट नंबर सोसायटीच्या आत वापरायचा असतो आणि बाहेरच्याला सोसायटीचा पूर्ण पत्ता लागतो. आयपी पत्त्यांचं तसंच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले पत्ते हे ‘आतले’ फ्लॅट नंबर. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजाने ते जगभरातल्या घरगुती आणि खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले. तुमच्या घरातला १९२.१६८.१.५ आणि समोरच्या इमारतीतला १९२.१६८.१.५ एकमेकांच्या आड येत नाहीत. पण एकाच घरात दोन उपकरणांना १९२.१६८.१.५ मिळाला, तर एकाच मजल्यावर दोन १०१ झाल्यासारखं होतं. सामान कधी या दारात, कधी त्या दारात.

हा आतला-बाहेरचा भेद सोय म्हणून नव्हे, टंचाईमुळे करावा लागला. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही४ची, एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगाची लोकसंख्या त्याहून जास्त. जागतिक साठ्यातले शेवटचे मोकळे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्या वाटपाची रचना पाहिली तर आपलं सूत्र तिथेही दिसतं. जागतिक पातळीवर एक संस्था, आशिया-प्रशांतसाठी ‘एपनिक’, भारतात ‘निक्सी’च्या अखत्यारीतली ‘इरिन’. प्रत्येक पातळीवर एका हद्दीचा वाटप करणारा एकच, म्हणून जगात दोन ठिकाणी एकच सार्वजनिक पत्ता दिला जात नाही. घरात मात्र आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो, तोही वाटप सुरू करतो, आणि ही शिस्त आपल्या हातून मोडते.

घरातलं वाटप करणाऱ्या व्यवस्थेचं नाव डीएचसीपी. मोबाइल वायफायला जोडला की तो ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो, राउटर आपल्या राखीव पट्ट्यातला एक मोकळा पत्ता देतो आणि सोबत दोन गोष्टी सांगतो: बाहेर जाण्याचं दार कुठलं, म्हणजे गेटवे, आणि नावावरून पत्ता कोणाला विचारायचा, म्हणजे डीएनएस. हा पत्ता ठरावीक मुदतीचा असतो, बहुतेक राउटरवर काही तास ते एक दिवस.

पत्ता वाचा, दोष कळेल

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वायफाय उघडून जोडलेल्या नावापुढच्या चिन्हावर बोट ठेवा. आयफोनवर नावापुढचं गोलातलं चिन्ह दाबा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. तिथे दिसणारा आयपी पत्ता आणि गेटवे कागदावर लिहून घ्या, आणि बिघडलेल्या उपकरणाबरोबर नीट चालणाऱ्या उपकरणाचेही लिहा. निदान या दोन ओळींची तुलना करून होतं.

- पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: कोणीच पत्ता दिला नाही, उपकरणाने स्वतःच एक लावून घेतला. राउटरचं वाटप बंद आहे, पट्टा संपला आहे किंवा वायर सैल आहे.
- दोन उपकरणांचे गेटवे वेगवेगळे दिसतात: घरात दोन जण पत्ते वाटताहेत.
- गेटवे तोच, पण पत्त्याचे पहिले तीन आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत: त्या उपकरणात कोणीतरी पूर्वी हाताने पत्ता लिहून ठेवला आहे.
- पत्ता, गेटवे सगळं बरोबर, तरी नेट नाही: दोष घराच्या पत्त्यांत नाही, बाहेरच्या लाइनमध्ये किंवा डीएनएसमध्ये आहे.

पट्टा संपण्याची गोष्ट गणपतीत हमखास होते. वाटपाचा पट्टा वीस-पंचवीस पत्त्यांचाच ठेवलेला असतो, दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला वायफायचा पासवर्ड दिला जातो, आणि मुदत आठवड्याची असेल तर पाहुणा घरी पोचला तरी त्याचा पत्ता अडकून राहतो. संध्याकाळी घरच्याच टीव्हीला पत्ता उरत नाही. पट्टा १०० ते १९९ असा मोठा करा, मुदत काही तासांची ठेवा आणि पाहुण्यांसाठी राउटरमधलं वेगळं गेस्ट वायफाय चालू करा.

दुसरा राउटर: घोळ इथेच होतो

हॉलच्या कोपऱ्यातला डबा आतल्या बेडरूमपर्यंत पोचत नाही, कारण मध्ये सिमेंटच्या भिंती असतात. म्हणून दुसरा राउटर आणला जातो आणि दुकानदार सांगतो, ‘वायर लावा, चालू होईल.’ चालू होतंही, आणि म्हणूनच दोष लक्षात येत नाही. नव्या राउटरच्या पाठीमागे दोन प्रकारची भोकं असतात. एक वॅन, बहुतेकदा वेगळ्या रंगाचं, बाकीची लॅन. वायर कुठे लावली यावर पुढचं सगळं ठरतं.

वायर डब्यातून नव्या राउटरच्या लॅनमध्ये लावली आणि त्याचं वाटप तसंच चालू राहिलं, तर घरात एकाच जाळ्यावर दोन वाटणारे झाले. मुलीच्या लॅपटॉपने हाक मारली की दोघंही उत्तर देतात आणि लॅपटॉप साधारणपणे ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं ऐकतो. जुन्या डब्याचं ऐकलं तर नेट चालतं. नव्या राउटरचं ऐकलं तर तो सांगतो, ‘बाहेर जायचं दार मीच’, पण त्याच्या वॅनला वायरच नाही, म्हणून ते दार भिंतीत उघडतं. वायफाय जोडलेलं, दांड्या भरलेल्या, आणि खाली ‘इंटरनेट नाही’. वायफाय बंद-चालू केलं की पुन्हा शर्यत होते आणि कधी कधी योग्य उत्तर आधी येतं. ‘बंद-चालू केलं की चालतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि स्पीड वाढवून ते सुटत नाही.

वायर वॅनमध्ये लावली तर नेट चालतं, पण घराचे दोन भाग पडतात. टीव्ही जुन्या डब्यावर आणि मोबाइल नव्या राउटरवर असेल तर मोबाइलला टीव्ही सापडत नाही, प्रिंटरचंही तसंच. त्यात दोन्ही राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आलेले असतील, तर नव्याच्या आत आणि बाहेर एकच पट्टा होतो आणि कुठलं पाकीट कुठल्या बाजूला पाठवायचं हे त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलून घेतात. सगळेच घेत नाहीत.

उपाय असा की नव्या राउटरने फक्त वायफाय द्यावं, पत्ते जुन्या डब्यानेच वाटावेत. याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. क्रम सांभाळा, कारण नेहमीची चूक क्रमाचीच असते:

1. नवा राउटर डब्याला न जोडता, नुसता विजेवर चालू करा आणि फक्त त्याला जोडून त्याचं सेटिंगचं पान उघडा.
2. तिथे ‘ॲक्सेस पॉइंट’ किंवा ‘एपी मोड’ असेल तर तो निवडा, माहितीपत्रकात दाखवलेल्या भोकात वायर लावा. काम झालं.
3. तो पर्याय नसेल तर आधी नव्या राउटरचा लॅन पत्ता बदला. डबा १९२.१६८.१.१ असेल तर नव्याला १९२.१६८.१.२ द्या आणि सेव्ह करा. पान बंद पडेल. आता नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा.
4. डीएचसीपी सर्व्हर बंद करा आणि सेव्ह करा.
5. आता डब्याच्या लॅनमधून वायर नव्याच्या लॅनमध्ये लावा. वॅनचं भोक रिकामं ठेवा.
6. दोन्ही बंद करून आधी डबा, मग नवा राउटर चालू करा आणि दोन मोबाइलवर गेटवे तपासा. दोन्हीकडे डब्याचाच पत्ता दिसला पाहिजे.

तिसऱ्या पायरीआधी चौथी केली तर नवा राउटर तुम्हालाच पत्ता देत नाही आणि त्याचं पान उघडेनासं होतं. मेश संच घेतलेल्यांनीही हेच करायचं: डबा वाटप करत असेल तर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

उलट मार्गही आहे. वाटप आपल्याच चांगल्या राउटरने करावं असं वाटत असेल तर कंपनीला डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा; मग डबा फक्त प्रकाशाचं वायरीत रूपांतर करतो आणि बाकी सगळं तुमचा राउटर पाहतो. जोडणी युजरनेमवर चालणारी असेल तर त्यासाठी युजरनेम, पासवर्ड आणि काही वेळा व्हीलॅन क्रमांक लागतो. तो लिहून घ्या. माझ्या मते जो वाचक दोन-तीन वर्षांत कंपनी बदलण्याच्या विचारात आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग बरा, कारण कंपनीचा डबा परत गेला तरी घरातली सगळी नोंद तुमच्या राउटरमध्ये राहते.

मग दोन जाळी कधीच नकोत का? हवीत, एका परिस्थितीत. घरातली एक खोली पेइंग गेस्टला दिली असेल किंवा घरातच छोटं ऑफिस असेल, आणि त्यांची उपकरणं तुमच्यापासून वेगळी ठेवायची असतील, तर दुसरा राउटर वॅनने जोडणं योग्यच आहे. फक्त त्याचा पट्टा वेगळा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१. तुमची उपकरणं त्यांच्यापासून लपवायची असतील तर त्यांच्यासाठी गेस्ट वायफायच वापरा, कारण वॅनच्या आतून बाहेरच्या जाळ्याकडे वाट असते. इथेही सूत्र मोडत नाही: जाळी दोन झाली, तर वाटणारा प्रत्येक जाळ्यात एकच.

प्रिंटर आणि डीव्हीआर: पत्ता पक्का कुठे करायचा

काही उपकरणांचा पत्ता बदलून चालत नाही. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर किंवा एनव्हीआर, फाइल ठेवायचा डिस्क बॉक्स. म्हणून बसवणारा माणूस डीव्हीआरच्या पडद्यावर जाऊन १९२.१६८.१.१०० असा पत्ता हाताने लिहितो आणि निघून जातो. महिनाभर ठीक चालतं. मग जुलैतल्या एखाद्या रात्री लाइट जाते. परत आल्यावर राउटर आधी जागा होतो. कुणाला कुठला पत्ता दिला होता ही यादी अनेक राउटर बंद होताना विसरतात. १०० हा आकडा त्याच्या वाटपाच्या पट्ट्यात आहे आणि डीव्हीआर अजून सुरू व्हायचाय, म्हणून तो पत्ता मोकळा दिसतो आणि एखाद्या मोबाइलला जातो. दीड मिनिटाने डीव्हीआर जागा होतो आणि आपल्या लिहून ठेवलेल्या पत्त्यावर हक्क सांगतो. कॅमेरे दिसत नाहीत, मोबाइलचं नेट अडखळतं, आणि दोष मात्र ‘लाइनचा’ ठरतो.

म्हणून पत्ता राउटरमध्ये पक्का करा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा नावाने सोय असते. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून एक मॅक क्रमांक मिळालेला असतो. त्या क्रमांकाला ठरावीक पत्ता बांधून टाकायचा. उपकरणात मात्र ‘आपोआप’ म्हणजे डीएचसीपीच ठेवायचं. लाइट कितीदाही गेली तरी तो पत्ता दुसऱ्या कोणाला जात नाही. कंपनीच्या साध्या डब्यात ही सोय नसेल, तरच हाताने लिहा, आणि तेव्हा वाटपाचा पट्टा १०० ते १९९ ठेवून हाताने दिलेले पत्ते १० ते ९९ मध्ये ठेवा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे तसा राहू द्या. त्यात २५४ उपकरणं बसतात, घराला पुरून उरतात.

यावर तीन हरकती नेहमी येतात. पहिली, हाताने पत्ता दिला की नेट वेगाने चालतं. तसं होत नाही. पत्ता मागण्या-देण्याची बोलणी चार छोट्या संदेशांत, जोडणीच्या वेळी, डोळ्याचं पातं लवण्याआधी होतात; त्यानंतर गाणं वाजतं किंवा व्हिडिओ चालतो त्यात डीएचसीपीचा काही भाग नसतो. दुसरी, वाटप बंद ठेवलं तर शेजारी वायफायमध्ये घुसू शकत नाहीत. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो स्वतःच पत्ता लिहून आत येऊ शकतो. कुलूप म्हणजे पासवर्ड. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि तो मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर ठेवू नका. तिसरी हरकत जास्त गंभीर आहे: राउटर बिघडला तर कॅमेरेही थांबतील. आयपी कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचं स्वतंत्र जाळं असेल, मध्ये घरचा राउटर नसेल, तर तिथे हाताने पत्ते देणं समर्थनीय आहे, कारण रेकॉर्डिंग राउटरवर अवलंबून राहता कामा नये. अनेक एनव्हीआर आपल्या मागच्या भोकांतल्या कॅमेऱ्यांना पत्ते स्वतःच वाटतात, आणि त्या जाळ्यात वाटणारा तो एकटाच असतो.

मोबाइलसाठी पत्ता पक्का करण्याची सहसा गरज नसते. केलाच, तर एक अडचण लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खऱ्या मॅक क्रमांकाऐवजी बनवलेला क्रमांक देतो, ओळख लपवण्यासाठी. सोय चांगली आहे, पण तो क्रमांक बदलला की राउटरला फोन अनोळखी वाटतो आणि बांधलेला पत्ता मिळत नाही. फक्त घरच्या वायफायपुरती ती सेटिंग बदला. बाहेर चालूच राहू द्या.

कंपनी बदलताना मात्र सावध राहा. जिओच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, इतर अनेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. नवा डबा वेगळ्या पट्ट्याचा आला की हाताने पत्ता लिहिलेला डीव्हीआर जुन्या पट्ट्यातच राहतो आणि कोणाला दिसत नाही. लेखाच्या सुरुवातीचा गेटवरच्या कॅमेऱ्यांचा प्रश्न बहुधा हाच. सोपा उपाय म्हणजे नव्या डब्याचा लॅन पत्ता बदलून जुना पट्टा ठेवायला लाइनमनला सांगणं, तेही तो घरात असतानाच. उपकरणाचं नाव, पत्ता आणि मॅक क्रमांक अशी तीन रकान्यांची यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सोसायटीत असेल तर ती ऑफिसच्या फायलीत ठेवा आणि कमिटी बदलताना नव्या सेक्रेटरीकडे सोपवा.

बाहेरून कॅमेरे पाहायचे असतील तर

ऑफिसातून किंवा लोकलमधून घरचा डीव्हीआर पाहायचा म्हणून अनेक जण ‘स्टॅटिक आयपी’ विकत घेतात. पैसे भरण्याआधी एक तपासणी करा. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा आणि मग ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरचा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. वॅनचा पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवते. टंचाईमुळे २०१२ मध्ये हा १००.६४चा पट्टा खास त्यासाठी राखला गेला. सोसायटीच्या गेटबाहेर आणखी एक मोठं गेट असल्यासारखं हे आहे: तुमच्या वॉचमनला सूचना देऊन बाहेरच्या गेटवर पार्सल अडकायचं थांबत नाही. म्हणूनच अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करूनही, म्हणजे बाहेरून डीव्हीआरकडे यायला वाट उघडूनही, कॅमेरे दिसत नाहीत.

पण बहुतेक घरांना त्याची गरजही नसते. आजचे डीव्हीआर क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीच्या ॲपमधून पाहता येतात. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन संपर्क करतो, म्हणून बाहेरचं गेट आड येत नाही. ते चालत असेल तर स्टॅटिक आयपीचे पैसे वाचवा. पोर्ट उघडण्यात धोकाही आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या एका मोठ्या डीएनएस सेवेवर हल्ला होऊन अनेक नामांकित संकेतस्थळं काही तास बंद पडली. म्हणून कुठलाही मार्ग निवडला तरी डीव्हीआर आणि राउटर दोघांचे मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेऱ्यात कोणी घुसल्याचा संशय आला तर वायर काढा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते, आयपीव्ही६, अनेक मोबाइलवर जुन्याच्या जोडीने दिसतात. ते दोष नाहीत; बंद करू नका. त्यात सहसा आतला-बाहेरचा भेद नसतो, म्हणून राउटरमधलं आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, एवढंच पाहा.

तक्रार आणि हक्क

लाइनमनला पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश म्हणजे नोंदवलेली तक्रार नव्हे. स्थानिक केबलवाला बहुतेकदा परवानाधारक कंपनीचा वितरक असतो. बिलावर त्या कंपनीचं नाव असतं आणि जबाबदारी तिची असते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीने तक्रार केंद्र ठेवलं पाहिजे, प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक दिला पाहिजे, आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीतल्याच अपिली प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही, म्हणून तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. पुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे अर्ज ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

स्टॅटिक आयपी घेत असाल तर लेखी विचारा: पत्ता सार्वजनिक आहे का, शुल्क वर्षाचं की महिन्याचं, जीएसटी धरून किती. पैसे भरल्यावरही वॅनच्या पानावर १००.६४चा पट्टाच दिसत असेल, तर तुम्ही ज्याचे पैसे दिले ते तुम्हाला मिळालेलं नाही, आणि ती तक्रारीची बाब आहे. तक्रार कुठलीही असो, सोबत तीन फोटो जोडा: डब्यावरच्या दिव्यांचा, राउटरच्या वॅन पानाचा, आणि दुसरा राउटर काढून, लॅपटॉप वायरीने थेट डब्याला लावून घेतलेल्या पत्त्याचा आणि गेटवेचा. घरात एकच वाटणारा असताना, थेट वायरीवरही नेट चालत नाही हे त्या तिसऱ्या फोटोत दिसतं, आणि ‘दोष तुमच्याच राउटरचा आहे’ असं सांगून तक्रार बंद करणं कंपनीला अवघड जातं.